शांपूच्या बाटलीतला कापूस

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे बुळबुळीतपणा. बाजारच्या दिवशी किराणा दुकानातून आपण शांपूची एक-दोन रुपयांची पुडी आणतो. दुकानात अशा पुड्यांची माळच्या माळ टांगलेली असते. पुडी फोडून तळहातावर ओतली की आतला रस पाण्यासारखा ओघळून जात नाही. काकवीसारखा थबकतो, बोटांत रेंगाळतो. दात घासायची पेस्ट नळीतून बाहेर येते आणि ब्रशावर वळीसारखी उभी राहते. तोंडाला लावायचे मलम पसरते, पण वाहत नाही. हे दाटपण येते कोठून? दूध चुलीवर आटवले की दाट होते, हे घरोघर ठाऊक आहे. पण शांपू कोणी आटवलेला नसतो. त्यात मोठा भाग साध्या पाण्याचाच असतो. मग ह्या पाण्याला असे धरून कोणी ठेवले?

एक उत्तर आहे मीठ. त्याकडे मी मागाहून येईन. दुसरे उत्तर ऐकून विदर्भ-खानदेशातल्या शेतकऱ्याला नवल वाटेल, कारण ते त्याच्या शेतात उगवते. ते उत्तर म्हणजे कापूस. कापूस नसेल तेथे लाकूड. पांढरा, कोरडा, पाण्यात कधीही न विरघळणारा कापूस बाटलीत जाऊन पाण्याला दाट करतो कसा, आणि आमच्या मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-मुलुंडकडे तो कसा पोचला, त्याची ही हकिगत आहे.

प्रथम आपले घर पाहू. बुळबुळीत पदार्थ केसांना लावणे ही काही साहेबाने शिकवलेली गोष्ट नव्हे. आपल्या आज्या-पणज्या जास्वंदीची पाने वाटून त्यांचा बुळबुळीत रस केसांना चोळत. मेथ्या रात्रभर भिजत घालीत. जवस उकळून गाळले की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव निघतो, तोही केसांना लावीत. मळ काढण्याचे काम रिठा आणि शिकेकाई करीत. केस मऊ ठेवण्याचे काम हे बुळबुळीत रस करीत. कामाची ही वाटणी ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आणि गंमत अशी की ‘शांपू’ हा शब्दही मूळचा आपल्याकडचाच. हिंदीतल्या चाँपण्यावरून, म्हणजे आपण जिला चंपी म्हणतो तिच्यावरून, इंग्रजांनी तो उचलला. पाटण्याकडचे शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन गावी जाऊन ही चंपी करू लागले आणि मोठमोठे लोक त्यांच्याकडे अंग रगडून घ्यायला येऊ लागले. अंग रगडण्याचा शब्द डोके धुण्याला चिकटला तो त्यानंतर.

आता कापसाकडे वळू. १८३८ साली फ्रान्समध्ये आन्सेल्म पायेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने निरनिराळ्या झाडांचे लाकूड आणि कापूस तपासून दाखवले, की ह्या सगळ्यांच्या अंगी एकच पदार्थ आहे. त्याला त्याने सेल्युलोज असे नाव दिले. वाळल्या लाकडात तो निम्म्याच्या आसपास असतो. कापसाच्या तंतूत मात्र शंभरात नव्वद भागांहून अधिक. निसर्गात इतके शुद्ध सेल्युलोज दुसरीकडे क्वचितच सापडते.

शिक्षक मंडळींनी वर्गात सांगावी अशी एक गोष्ट येथे आहे. सेल्युलोज हे साखरेचेच बनलेले आहे. ग्लुकोज साखरेचे हजारो मणी एका धाग्यात ओवले की सेल्युलोज होते. मग साखर पाण्यात टाकताच विरघळते आणि धोतर नदीत वर्षानुवर्षे धुतले तरी विरघळत नाही, हे कसे? कारण ह्या माळा एकट्या नसतात. शेजारच्या माळेला त्या घट्ट बिलगून असतात, गवताची मोळी करकचून आवळावी तशा. मण्यामण्याला बारीक हात आहेत, प्रत्येकी तीन, आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पाण्याला आत शिरायला वावच मिळत नाही. पाण्याला आत घ्यायचे असेल तर हे हात सोडवले पाहिजेत आणि पुन्हा गुंतू नयेत म्हणून त्यांच्यात काहीतरी अडकवून ठेवले पाहिजे. सगळी युक्ती एवढीच. पण ती साधायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि वाटेत तो भलत्याच ठिकाणी जाऊन आला.

ती वर्षे मुंबईच्याही भरभराटीची होती. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या तोंडाकडे पाहू लागल्या. पुढे घाट फोडून रेल्वे वर चढली, १८६७ साली नागपूरला पोचली, आणि वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी मुलुंड-घाटकोपरावरून बंदराकडे जाऊ लागल्या. ही गावे तेव्हा खाजणे, भातखाचरे आणि मिठागरे ह्यांच्यामधली होती. कापूस त्यांच्या अंगणातून जाई, थांबत नसे. कापूस म्हणजे सूत, आणि सूत म्हणजे कापड; ह्यापलीकडे त्याचे काही होईल असे गाठी वाहणाऱ्याच्या मनात कशाला येईल?

युरोपात मात्र काही लोक कापसाला आम्लांत आणि क्षारांत बुचकळून पाहत होते. इंग्लंडमध्ये जॉन मर्सरने १८४० च्या दशकात कापूस दाहक सोड्यात बुडवला, तो फुगला. आजही ‘मर्सराइज्ड’ सूत म्हणतात ते ह्याच मर्सरचे. सोड्याने मोळी सैल होते, ही पहिली पायरी सापडली. १८४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडातल्या बाझेल शहरी शोनबाइनने कापूस नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांत बुडवून काढला. तो दिसायला कापूसच राहिला, पण ठिणगी लागताच भडकन उडाला. झाली बंदुकीची दारू! पुढे त्याच जातीच्या, जरा सौम्य केलेल्या कापसात कापूर घालून अमेरिकेतल्या हायॅट बंधूंनी १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड केले. हस्तिदंताच्या ऐवजी सेल्युलॉइडच्या फण्या, कंगवे, बांगड्या निघाल्या. तेव्हा सेल्युलोज केसांपर्यंत पोचले ते प्रथम फणीच्या रूपाने, असे म्हणायला हरकत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तोही अशाच ज्वालाग्राही फितीवर. ही फीत किती भयंकर पेटते ते पुण्याला ८ जानेवारी २००३ रोजी दिसले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या फितींना आग लागली आणि कित्येक चित्रपट कायमचे गेले. बायकांच्या नखांना लावायच्या रंगात चकचकीत पापुद्रा धरतो तोही ह्याच कुळातला कापूस. म्हणून नखाचा रंग ओला असताना चुलीजवळ वा स्टोव्हजवळ बसू नये, हे लेकीसुनांना सांगून ठेवा.

तिसरी वाट रेयॉनची. १८९२ साली इंग्लंडात क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी लाकडाचा लगदा सोड्यात फुगवून, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करून मधासारखा द्रव केला, आणि पुढे तो बारीक छिद्रांतून काढून त्याचे रेशमासारखे धागे होऊ लागले. कल्याणच्या पुढे आंबिवली आणि शहाड स्टेशनांजवळ जे मोठे कारखाने उभे राहिले, मोहन्याचा नॅशनल रेयॉन आणि शहाडचा सेंच्युरी रेयॉन, ते ह्या विद्येचे. मोहन्याचा २००९ साली बंद पडला आणि हजारो कामगार उघड्यावर आले. पण रेयॉनमध्ये सेल्युलोज विरघळते ते घटकाभरच. धागा होताच ते पुन्हा पूर्ववत होते. आपल्याला हवे आहे ते पाण्यात कायमचे विरघळणारे.

ते साधले विसाव्या शतकात. १९०५ साली ऑस्ट्रियातल्या विल्हेल्म झुइडा यांनी सेल्युलोजच्या मण्यांच्या हातांत मिथाइल नावाचा लहानसा गट अडकवता येतो हे नोंदवले. १९१२ च्या सुमारास ह्यावर पेटंटे निघाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, जर्मनीत यान्सेन यांनी सोड्यात फुगवलेल्या सेल्युलोजवर क्लोरोॲसेटिक आम्लाची क्रिया केली आणि एक पांढरी भुकटी मिळवली. नाव लांबलचक आहे: कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. कारखान्यातले लोक त्याला सीएमसी म्हणतात, आपणही तसेच म्हणू. ही भुकटी थंड पाण्यात टाकली की पाणी दाट होते आणि दाटच राहते. मण्यामण्यामागे तिन्ही हात बांधावे लागत नाहीत. दहा मण्यांमागे सात-आठ हात अडकवले तरी मोळी सुटते. सुटलेल्या माळा पाण्यात लांबच लांब पसरतात, एकमेकींत घोटाळतात आणि पाण्याची वाट अडवतात. दाटपणा म्हणतात तो हाच. चांगल्या प्रतीची भुकटी असेल तर शंभर लिटर पाण्याला एक किलो पुरते.

आता ही भुकटी कशाला वापरावी हे मात्र लढाईने ठरवले. युद्धात जर्मनीत चरबी आणि तेल मिळेना. साबण करणार कशाचा? तेव्हा थोड्या साबणात सीएमसी घालून तो पुरवठ्याला येतो का ते पाहू लागले. सीएमसी स्वतः मळ काढीत नाही. पण एक वेगळाच गुण हाती लागला. कपड्यातून निघालेला मळ पाण्यात तरंगत असतो आणि पुन्हा कपड्यावर बसू पाहतो. सीएमसी कपड्यावर आणि मळावर पातळ पापुद्रा धरून त्याला बसू देत नाही. नदीवर धुणे धुताना वाहते पाणी मळ घेऊन जाते, बादलीत ती सोय नसते. बादलीत धुणाऱ्या जगाला ह्या भुकटीची गरज होती! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हर्क्युलिस नावाच्या कंपनीने सीएमसी मोठ्या प्रमाणावर सुरू केले. ही कंपनी मूळची दारूगोळ्याची. कापसाची स्फोटके करता करता तिला कापूस नखशिखांत ठाऊक झाला होता. आपल्याकडे हिंदुस्थान लीव्हरने १९५९ साली सर्फ आणले आणि साबणाच्या वडीऐवजी भुकटीने, बादलीत, कपडे धुण्याची सवय शहरांतून पसरू लागली. अशा धुण्याच्या भुकट्यांत सीएमसीचे काम तेच.

आता उपनगरांत उतरू. मुंबई बेट भरून गेले तसे कारखाने रेल्वेच्या दोन्ही फाट्यांवर उत्तरेला सरकले. गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण पहिल्या महायुद्धानंतर काढला होता. पुढे त्यांची मोठी वसाहत घाटकोपरच्या पलीकडे विक्रोळीला झाली. जॉन्सन अँड जॉन्सन ही कंपनी आपल्याकडे १९५७ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना मुलुंडला उभा राहिला. तिकडे माटुंग्याला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग होता, १९३३ साली सुरू झालेला. तेल, रंग, औषधे, कापड ह्यांतले जाणकार तो पुरवी. १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि अंधेरीच्या पूर्वेला मरोळ भागात त्याची वसाहत झाली. त्याच अंधेरीत, चकाल्याला, १९६७ साली हिंदुस्थान लीव्हरचे संशोधन केंद्र उघडले. सनसिल्क शांपू त्याच्या तीन वर्षे आधी, १९६४ साली, बाजारात आला होता. त्या वेळी शांपू ही खेड्यातल्या माणसाने पाहण्याचीही वस्तू नव्हती. अंधेरी-बोरिवलीच्या चाळींतसुद्धा रविवारी न्हाणीघरातून शिकेकाईचाच वास येई.

एक सांगितले पाहिजे. सगळ्याच मलमांत कापूस नसतो. मुंबईत इब्राहिम पाटणवाला यांनी १९१९ साली अफगाण स्नो काढले. असली ‘स्नो’ची मलमे स्टिअरिक आम्लाने घट्ट होतात, म्हणजे साबणाच्या नात्याने. सेल्युलोजचे कुळ आले ते नंतर, आणि आले ते अनेक रूपांनी. मण्यांच्या हातांत कोणता गट अडकवला त्यावर नाव बदलते आणि स्वभावही. हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज शांपूत आणि केसांच्या जेलमध्ये स्वच्छ काचेसारखे दाटपण देते. मिथाइल सेल्युलोजचा स्वभाव तर उलटाच. आपली तांदळाची पेज चुलीवर दाट होते आणि कांजी निवली की घट्ट बसते. मिथाइल सेल्युलोज थंड पाण्यात विरघळते आणि तापवले की गोठते. निवले की पुन्हा पातळ. सृष्टीत असे उलट वागणारे थोडेच.

उपनगरातल्या एखाद्या लहान गाळ्यात शांपूची घाण घालतात तेव्हा खरी परीक्षा होते ती ही भुकटी पाण्यात मिसळताना. बायकांना हे लगेच कळेल. पिठले करताना बेसन एकदम ओतले तर काय होते? वरचे पीठ भिजून चिकट होते आणि आत कोरडे राहते, गाठी होतात. तसेच येथे. भुकटी भसकन टाकली तर वरून बुळबुळीत आणि आतून कोरड्या अशा गाठी होतात, माशाच्या डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या, आणि त्या तासन्‌तास मोडत नाहीत. मग कारागीर एक तर जोराने घुसळत्या पाण्यात ती चिमटीचिमटीने पेरतो, नाही तर आधी ग्लिसरिनमध्ये कालवून घेतो. मिथाइल सेल्युलोज असेल तर उकळत्या पाण्यात टाकतो, कारण गरम पाण्यात ते विरघळतच नाही, नुसते सुटे पसरते, आणि मग गार पाणी घातले की सगळे एकदम उमलते. ही विद्या पुस्तकात दोन ओळींची आहे, हातात यायला दोन घाण्या वाया जातात.

गावोगावच्या सलूनमध्ये केस काळे करण्याची पुडी पाण्यात कालवतात, तिचा लगदा होतो आणि तो कपाळावर ओघळत नाही, त्यातही डिंक किंवा सेल्युलोजची अशीच भुकटी असते. रंगाचा भाग निराळा आणि तो काहींच्या कातडीला सोसत नाही. पुडीवर सांगितल्याप्रमाणे आदल्या दिवशी थोडा लावून पाहावा.

ह्या कुळातले सर्वांत हुशार रूप मात्र १९७० च्या दशकात आले. अमेरिकेच्या युनियन कार्बाइड कंपनीने ते काढले. होय, १९८४ च्या भोपाळमुळे जिचे नाव आपल्याला विसरता येत नाही तीच. बाटल्यांवर त्याचे नाव पॉलिक्वाटर्नियम-१० असे असते. मघाशी मी कामाच्या वाटणीचे बोललो ते आठवा. रिठ्याने मळ काढायचा आणि जास्वंदीने मऊ करायचे, अशी दोन कामे दोन वस्तू करीत. एकाच बाटलीत दोन्ही घातले तर मळाबरोबर मऊपणाही वाहून जाणार, ही अडचण. त्यावर तोड अशी काढली, की सेल्युलोजच्या माळेवर धन विद्युतभार असलेले गट बसवले. ओल्या केसावर ऋण भार असतो, आणि उन्हाने वा रंगाने खराब झालेल्या केसावर अधिक असतो. बाटलीत दाट शांपू आहे तोवर ही माळ फेसाच्या द्रव्यात विरघळून गप्प राहते. आपण डोक्यावर तांब्याने पाणी ओतले, शांपू पातळ झाला, की फेसाचे द्रव्य आणि माळ जोडीने पाण्यातून बाहेर पडतात आणि केसावर जाऊन बसतात. म्हणजे धुताना नव्हे, धुऊन टाकताना केस मऊ होतो. मला विचाराल तर सगळ्या हकिगतीत हीच गोष्ट सर्वांत सुंदर आहे. गवारीच्या बियांच्या डिंकावरही असेच धन भार बसवतात, आणि तो डिंक मुख्यतः आपल्या राजस्थान-हरियाणातून जगभर जातो.

शांपू खेड्यात शिरला तो पुडीतून. १९८० च्या दशकात तामिळनाडूकडच्या लहान कारखानदारांनी पुडीची चाल पाडली आणि मोठ्या कंपन्यांना ती उचलावी लागली. तेव्हापासून आपल्या बाजारात एक समजूत रूढ झाली: दाट तो जोरकस, पातळ तो पाणी घातलेला. दुधाच्या बाबतीत ही पारख बरी आहे, शांपूच्या बाबतीत नाही. दाटपणाचा आणि मळ काढण्याचा काही संबंध नाही. मळ काढते ते फेसाचे द्रव्य. तेवढेच द्रव्य ठेवून कारखानदार शांपू पाण्यासारखाही करू शकतो आणि मधासारखाही. आणि आता मिठाकडे येतो. फेसाच्या द्रव्यांचे सूक्ष्म गोळे मिठाच्या योगाने लांब होतात, एकमेकांत गुंततात, आणि शांपू दाट होतो. मीठ फार झाले तर उलट पातळ होतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. वाटीत दोन चमचे शांपू घ्या, एक चमचा पाणी घालून पातळ करा, मग चिमूटचिमूट मीठ घालून ढवळत जा. पुष्कळ शांपूंत आधी तो घट्ट होईल, मग एकदम पाणी पाणी होईल. शेजारच्या वाटीत उकडलेल्या जवसाचा रस ठेवा आणि त्यातही मीठ घाला. त्याचा बुळबुळीतपणा लांबच लांब माळांचा. चिमूटभर मिठाने तो असा चढउतार दाखवीत नाही. एकाच दाटपणाची दोन कारणे मुलांना बोटांनी कळतील.

मग हे सेल्युलोज अपायकारक आहे का? असा प्रश्न येतोच. सीएमसी आपण खातो. आइस्क्रीममध्ये ते ४६६ ह्या आकड्याने लिहिलेले असते. आपले शरीर ते पचवीत नाही, तसेच बाहेर टाकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा डोळे कोरडे पडले म्हणून म्हाताऱ्यांना जे थेंब देतात, त्यांपैकी कितीएक बाटल्यांवर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के असे लिहिलेले सापडेल. खुद्द मोतीबिंदू काढताना डोळ्याच्या आत भरतात त्या जेलमध्ये ह्याच कुळातले हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज असते. जे डोळ्याला सोसते ते बहुतेकांच्या कातडीला सोसावे. पण म्हणून ‘निसर्गातले’ अशी जाहिरात दिसली तर तीही जशीच्या तशी घेऊ नये. मूळ कापूस किंवा लाकूड खरे, पण मध्ये दाहक सोडा आणि तिखट आम्ले होऊन गेलेली असतात.

आता शेतकरी मंडळींशी दोन शब्द. कापूस बोंडातून वेचला, जिनिंगमध्ये गेला, रुई निघाली. वजनाने पाहाल तर शंभरात सुमारे तेहतीस-चौतीस भाग रुई आणि बाकी बहुतेक सरकी. त्या सरकीच्या अंगावर बारीक लव राहते. तिला व्यापारात लिंटर म्हणतात. सूत काढायला ती फार तोकडी, पण सेल्युलोज म्हणून अव्वल. दारूगोळा, नखांचा रंग, सीएमसी, डोळ्यांतले थेंब, ह्यांतल्या उंची मालाला हीच लव लागते. अमेरिकेतल्या तेलगिरण्यांत सरकी भरडण्याआधी लव यंत्राने काढून घेतात. सरकीच्या वजनाच्या शेकडा आठांच्या आसपास ती निघते. आपल्याकडे लव काढणाऱ्या गिरण्या आहेत, पण लवेसकट सरकी भरडण्याची चाल अजून मोठी आहे. मग ती लव थोडे तेल पिऊन पेंडीत राहते. कापसाखालचे सर्वांत मोठे क्षेत्र आपल्या महाराष्ट्रात, आणि अंधेरी-मुलुंडच्या गाळ्यांत वापरायच्या कित्येक सेल्युलोज भुकट्या मात्र परदेशांतून पिंपांनी येतात.

ही लव अगदीच वाया जाते असे म्हणणेही बरोबर नाही. आपण सेल्युलोज पचवू शकत नाही, गाय पचवते. तिच्या पोटातले जिवाणू तेच आवळलेले हात सोडवतात, जे सोडवायला युरोपातल्या शास्त्रज्ञांची शंभर वर्षे गेली, आणि तेही दाहक सोडा न वापरता. पेंडीतली लव दूध होऊन आपल्या घरी परत येते. पण दुधाचा तो हिस्सा आणि शुद्ध केलेल्या लिंटरची किंमत ह्यांचा मेळ कोणी शेतकऱ्याला मांडून दाखवत नाही, ही खरी गोष्ट. सरकीचा भाव ठरतो तो तेल आणि पेंड पाहून.

ह्या बाबतीत काम करणारी संस्था मुंबईतच आहे. माटुंग्याला १९२४ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने प्रयोगशाळा काढली, सुरुवातीला देशी कापसाचे सूत कसे निघते ते तपासण्यासाठी. १९६६ साली ती भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली आणि १९९१ पासून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ह्या नावाने चालते. सरकीवरची लव आणि शेतात जाळून टाकतात ती पऱ्हाटी, ह्या दोहोंवर तेथे संशोधन झाले आहे. पऱ्हाटीपासून फळ्या आणि लगदा, लिंटरपासून अतिसूक्ष्म सेल्युलोज. त्याचा एक प्रायोगिक कारखानाही संस्थेच्या आवारात उभा आहे. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांतल्या सहकारी तेलगिरण्यांनी आणि शेतकरी कंपन्यांनी लव काढण्याच्या यंत्रांविषयी ह्या संस्थेला पत्र घालायला हरकत नाही.

राहिली एक गोष्ट, शिक्षकांसाठी. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर आतल्या घटकांची यादी द्यावी लागते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने. तीत ‘सेल्युलोज गम’ असे दिसले की ते सीएमसी समजावे. ‘हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज’, ‘हायप्रोमेलोज’, ‘पॉलिक्वाटर्नियम-१०’ ही त्याची भावंडे. ‘सोडियम क्लोराइड’ म्हणजे आपले मीठ. वर्गातल्या मुलांनी घरून आणलेल्या वेष्टनांवर ही नावे शोधण्याचा तास चांगला रंगतो. मात्र साठ मिलिलिटरहून कमी द्रवाच्या आणि तीस ग्रॅमहून कमी घट्ट मालाच्या वेष्टनाला ही यादी छापण्याची सक्ती नाही. म्हणजे खेड्यात सर्वांत जास्त खपणाऱ्या पुडीलाच ती सूट आहे. तेव्हा ह्या तासासाठी कोणाच्या तरी घरची मोठी बाटली मागवावी लागेल. रिकामी असली तरी चालेल.